वय अडतीस, किडनी सत्तरीची

गेल्या उन्हाळ्यात उरण तालुक्यातल्या एका बुद्धविहारात आम्ही आरोग्य तपासणी ठेवली होती. नेहमीचीच. वजन, रक्तदाब, साखर आणि या खेपेला एका ओळखीच्या लॅबवाल्याकडून सवलतीत क्रिएटिनिन. न्हावा शेवाच्या बंदरात लॅशिंगचे काम करणारा एक भाऊ रात्रपाळी संपवून घरी न जाता थेट रांगेत येऊन उभा राहिला. वय अडतीस. अंगाने सडपातळ, साखर नाही, रक्तदाब जरासा वर. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. क्रिएटिनिन १.३. लॅबच्या कागदावर नॉर्मलची मर्यादा ०.७ ते १.३ अशी छापलेली होती, त्यामुळे आकडा ठळक केलेला नव्हता. कागद हातात घेऊन तो म्हणाला, "ताई, नॉर्मलच आहे ना?"

दहा वर्षांपूर्वी आम्हीही त्याला 'हो' म्हणून घरी पाठवले असते. तेव्हा आम्ही डायलिसिस युनिटमध्ये नोकरीला होतो आणि आमच्यापर्यंत माणूस यायचा तो क्रिएटिनिन आठ-दहा झाल्यावरच. त्याच्या आधीची पंधरा वर्षे त्याच्या किडनीत काय चालले होते, हे विचारायला तिथे कुणालाच सवड नव्हती.

आता आम्ही दुसरा हिशेब करतो. क्रिएटिनिन, वय आणि लिंग या तिघांवरून किडनी मिनिटाला किती रक्त गाळते याचा अंदाज काढता येतो. त्याला ईजीएफआर म्हणतात. पुष्कळ लॅब हल्ली तो आकडा रिपोर्टवर छापतात, पण बारीक अक्षरात, खाली कुठेतरी. त्या भावाचा ईजीएफआर आला ७२. अमेरिकेत मोठ्या लोकसंख्येच्या पाहणीवरून काढलेली एक सरासरी आहे : तिशीतल्या माणसाची १०७, पन्नाशीतल्याची ९३, साठीतल्याची ८५ आणि सत्तरीनंतर ७५. म्हणजे नॉर्मल शिक्क्याच्या आत बसलेल्या या माणसाची किडनी सत्तरी ओलांडून गेलेली होती.

रात्रपाळीनंतर शरीर सुकलेले असते, त्यामुळे एकदाच्या आकड्यावर आम्ही काही बोलत नाही. तीन महिन्यांनी, सुट्टीच्या दिवशी, पोटभर पाणी पिऊन पुन्हा तपासणी केली. पुन्हा १.३. या वेळी लघवीही तपासली, त्यात अल्ब्युमिन १+. लघवीतून प्रथिने गळू लागली की गाळणीला भोक पडले असे समजायचे. तो आम्हाला विचारत होता, "मला ना साखर, ना दारू. मग किडनी म्हातारी कशाने झाली?"

या प्रश्नाचे उत्तर शोधत आम्ही गेली काही वर्षे वाचतो आहोत, माणसांना विचारतो आहोत.

किडनी म्हातारी होते हे खरे आहे आणि त्यात नवल नाही. जरा कुणाला चुकत नाही. प्रत्येक किडनीत सरासरी नऊ-दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. आईच्या पोटात साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत त्या तयार होतात आणि त्यानंतर आयुष्यभर एकही नवी तयार होत नाही. जेवढी शिदोरी घेऊन आलो तेवढ्यावरच भागवायचे. चाळिशीनंतर किडनीची ताकद दर वर्षी साधारण एका अंकाने उतरते असे पुस्तकात आम्हाला शिकवले. पण पुस्तकात न शिकवलेली गोष्ट अशी, की हा उतार सगळ्यांचा सारखा नसतो. अमेरिकेत बाल्टिमोर इथे वर्षानुवर्षे त्याच त्या माणसांना तपासत केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे एक तृतीयांश माणसांची किडनी वय वाढूनही उतरलीच नव्हती. याचा अर्थ, वयाबरोबर थोडा उतार येतो, पण तो किती वेगाने यावा हे नुसते वय ठरवत नाही. आपण कसे जगतो, काय काम करतो, कुणाच्या पोटी कसल्या दिवसांत जन्मलो, यावर ते ठरते.

शिदोरीसुद्धा सारखी मिळत नाही. मृत्यूनंतर केलेल्या मोजणीत एकेका किडनीत दोन लाखांपासून वीस लाखांच्या वर इतक्या फरकाने नेफ्रॉन सापडले आहेत. कमी वजनाच्या बाळाला कमी नेफ्रॉन मिळतात आणि पुढे रक्तदाब व किडनीचा आजार त्याला लवकर गाठतो, ही मांडणी बॅरी ब्रेनर या डॉक्टरांनी १९८८ मध्ये केली. ऑस्ट्रेलियात वेंडी हॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या आदिवासींच्या किडन्यांमधले नेफ्रॉन मोजले, ते इतरांपेक्षा सुमारे ३० टक्के कमी निघाले. काही लोक लगेच म्हणतील, बघा, जातच तशी. आम्ही प्रसूती वॉर्डातही काम केले आहे. सातव्या महिन्यापर्यंत डोक्यावर घमेले वाहणारी, अंगात रक्त नसलेली बाई आणि तिचे दोन किलोचे बाळ आम्ही हातात घेतलेले आहे. त्या बाळाच्या किडनीतली कमतरता रक्ताच्या वंशातून आलेली नसते. ती आईच्या ताटातून आणि तिच्या मजुरीतून आलेली असते.

आता न्हावा शेवाकडे येऊ.

हे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. त्यासाठी आणि नव्या शहरासाठी इथली शेती, मिठागरे आणि खाडी गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढताना जासईच्या परिसरात पाच जणांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या, तेव्हा कुठे साडेबारा टक्के जमिनीचा हक्क मिळाला. तो इतिहास आपल्या वाचकांना ठाऊक आहे. जमिनीच्या लढ्यावर पुष्कळ लिहिले गेले. जमीन गेल्यावर जी कामे वाट्याला आली त्या कामांनी शरीराचे काय केले, यावर फारसे कुणी लिहिले नाही. भूमिपुत्र आगरी-कोळी असोत की विदर्भ-मराठवाड्यातून इथे पोटासाठी आलेले आपले बौद्ध बांधव, उन्हात उभे राहण्याचे काम बहुतेक त्यांच्याच वाट्याला येते. त्यातही झाडलोट, गटार आणि संडाससफाई कुणाच्या वाट्याला येते हे वेगळे सांगायला नको.

बंद लोखंडी कंटेनर दिवसभर उन्हात तापलेला असतो. त्याचे दार उघडून आत माल भरायचा किंवा आतला काढायचा. वारा नाही, खिडकी नाही. बाहेर यार्डात पाहावे तिकडे काँक्रीट आणि लोखंड. लॅशिंगवाले जहाजावर लोखंडी रॉड फिरवतात, अंगात जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, पायात जाड बूट. सुरक्षेसाठी ते हवेच, पण त्यात घाम कोंडतो. ट्रेलरवाले करळ फाट्याच्या पुढे रांगेत तासन्‌तास केबिनमध्ये बसून असतात. उतरले तर नंबर जाईल म्हणून पाणी मोजून पितात. एकाने आम्हाला सांगितले, रांगेच्या दिवशी तो सकाळी एक चहा घेतो आणि गेटच्या आत जाईपर्यंत बाटलीला हात लावत नाही.

समुद्रकाठची हवा आणखी फसवी. विदर्भात पारा ४५ वर जातो तेव्हा उष्णतेची लाट जाहीर होते. इथे पारा ३५-३६ ला थांबतो, म्हणून कुणी घाबरत नाही. पण हवेत दमटपणा इतका की घाम वाळत नाही, नुसता गळतो. घाम वाळला तरच अंग थंड होते. न वाळता गळला तर पाणी आणि मीठ जाते आणि अंग तापलेलेच राहते. आपल्याच रायगड जिल्ह्यात खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्या मैदानावर बसलेल्यांपैकी १४ माणसे उष्माघाताने गेली. त्या दिवशी पारा ४० च्या खालीच होता. ती माणसे एका दिवसात गेली म्हणून मोजली गेली. जी रोज थोडी थोडी सुकतात आणि पंधरा वर्षांनी डायलिसिसच्या खुर्चीवर येऊन बसतात, त्यांची नोंद उन्हाच्या खात्यावर कुणी करत नाही.

ही नोंद जगात पहिल्यांदा कुठे झाली ते सांगण्यासारखे आहे. २००२ मध्ये मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या छोट्या देशाच्या राजधानीतल्या सरकारी रुग्णालयाने आपल्या डायलिसिसच्या नव्या रुग्णांची यादी तपासली. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना साखर नव्हती, जुना रक्तदाब नव्हता, किडनी बिघडण्याचे कुठलेही ठरलेले कारण नव्हते. ते होते तरी कोण? बहुतेक पुरुष, किनाऱ्याजवळच्या सखल, उष्ण भागात शेतमजुरी करणारे. पुढे निकाराग्वात ऊसतोड कामगारांच्या किडन्या तपासल्या तेव्हा तेच चित्र. थंड डोंगरावर कॉफीच्या मळ्यात काम करणाऱ्यांमध्ये हा आजार कमी, खाली उसात जास्त. कीटकनाशके, जड धातू, पाणी, सगळ्यांवर संशय घेतला गेला आणि तो वाद अजून मिटलेला नाही. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात आणि आंध्रच्या श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या उद्दानम भागात भूजलाकडे जास्त बोट दाखवले जाते. आपल्याकडे अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातल्या गावांतली किडनीची ओरडही जुनी आहे. इथल्या वस्तीत तिकडून आलेली कितीतरी घरे आहेत. म्हणजे बालपणी खारे पाणी आणि तरुणपणी बंदराचे ऊन, असे दुहेरी ओझे घेऊन काही जण जगतात.

आम्हाला सगळ्यांत जवळचा वाटला तो तमिळनाडूतला अभ्यास. चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेतल्या विद्या वेणुगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मिठागर कामगारांचे ऊन, घाम आणि किडनी मोजली. किडनीची ताकद कमी झालेले कामगार सापडले. त्याच गटाने उन्हात काम करणाऱ्या बायकांवर वेगळे लिहिले आहे : कामाच्या जागी संडास नाही, म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. हे वाचले तेव्हा आम्ही एकमेकींकडे पाहिले. यार्डात झाडू मारणाऱ्या आपल्या भगिनी आम्हाला हेच सांगतात. दूर असलेला संडास, त्याला कुलूप, किल्ली सुपरवायझरकडे. सकाळी घरून निघताना जाऊन यायचे, मग घरी परतल्यावर. मधले आठ-नऊ तास तोंडाला पाणी लावायचे नाही. पाळीच्या दिवसांत तर बोलायलाच नको. लघवीची जळजळ झाली की मेडिकलवरून दोन गोळ्या. पुन्हा जळजळ, पुन्हा दोन गोळ्या. हा जंतुसंसर्ग वर किडनीपर्यंत चढतो, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

शरीर सुकते तेव्हा आत काय होते? मेंदूतून एक संप्रेरक सुटते आणि किडनीला सांगते, पाणी धरून ठेव. किडनी लघवी घट्ट करते. एखाद्या दिवशी हे चालते. रोजचे झाले तर त्या ताणाने किडनीच्या पेशी जखमी होतात, रात्रीत थोड्या भरून येतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा जखमी. जिथे जखम पुन्हा पुन्हा होते तिथे शेवटी वण उरतो. वण पडलेला नेफ्रॉन गेला तो गेला. उरलेल्यांवर त्याचा भार येतो, ते जास्त जोराने काम करतात आणि त्या जोरामुळेच लवकर झिजतात. दहा माणसांचे काम सहा जणांकडून करून घेणाऱ्या ठेकेदाराकडे काय होते ते आपल्याला माहीत आहे. किडनीतही तेच होते.

याला दोन गोष्टी हातभार लावतात आणि दोन्ही गेटबाहेरच्या टपरीवर मिळतात. एक, थंड बाटली. उन्हातून आल्यावर वीस रुपयांचा कोला किंवा एनर्जी ड्रिंक हेच बहुतेकांचे पाणी झाले आहे. सुकलेल्या उंदरांना पाण्याऐवजी असे गोड पेय पाजले तर किडनीची इजा वाढते, हे प्रयोगात दिसले आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत बफेलो इथल्या संशोधकांनी धडधाकट तरुणांना गरम खोलीत काम करायला लावून निम्म्या वेळा सॉफ्ट ड्रिंक आणि निम्म्या वेळा पाणी दिले. सॉफ्ट ड्रिंकच्या दिवशी किडनीला इजा झाल्याच्या खुणा रक्तात वाढलेल्या होत्या. दुसरी गोष्ट, अंगदुखीची गोळी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा आखडतात. पोट भरलेले, पाणी प्यालेले असताना एखादी घेतली तर शरीर निभावून नेते. आठ तास घाम गाळून, न पिता, रोज रात्री एक, वर पाठदुखीचे इंजेक्शन, हे किडनीला पेलत नाही. ओव्हरटाइम करता यावा म्हणून गोळी घेणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. मुलांची फी कुणी भरायची? पण कामाला जुंपून घेणारे औषध म्हणून ती गोळी विकली जाते आहे, हे तरी आपण ओळखले पाहिजे.

आता पुन्हा म्हातारपणाकडे. किडनी लवकर म्हातारी होते एवढ्यावर हे थांबत नाही, ती बाकी शरीरालाही म्हातारे करते. १९९७ मध्ये जपानमध्ये माकोतो कुरो-ओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक जनुक सापडले. ते बिघडलेले उंदीर लहानपणीच म्हातारे होत : रक्तवाहिन्या कडक, हाडे ठिसूळ, कातडी सुरकुतलेली, मरण लवकर. त्या जनुकाला त्यांनी क्लोथो हे नाव दिले, ग्रीक कथांमधल्या आयुष्याचा धागा कातणाऱ्या देवीचे. देवीचे नाव राहू द्या बाजूला, महत्त्वाचे हे की क्लोथो नावाचे हे प्रथिन मुख्यतः किडनीत तयार होते. किडनी झिजू लागली की ते अगदी सुरुवातीलाच कमी होते. मग फॉस्फरस शरीराबाहेर नीट जात नाही आणि रक्तवाहिन्यांत चुना साचू लागतो. युनिटमध्ये पस्तिशीतल्या रुग्णांच्या एक्स-रेवर रक्तवाहिन्या हाडांसारख्या पांढऱ्या उमटलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. त्याच उंदरांना कमी फॉस्फरसचे खाणे दिल्यावर त्यांचे म्हातारपण लांबले, हेही पुढे दिसून आले.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात गरीब आणि श्रीमंत वस्त्यांतल्या माणसांच्या शरीराचे वय मोजण्याचा एक मोठा अभ्यास झाला. २०१६ मध्ये त्यातून असे पुढे आले की गरीब वस्तीतल्या पुरुषांच्या रक्तात फॉस्फेट जास्त, किडनीची ताकद कमी आणि पेशींचे वय कागदावरच्या वयापेक्षा पुढे गेलेले. कारण म्हणून वारंवार खाल्ल्या जाणाऱ्या लाल मांसाकडे बोट दाखवले गेले. इथे आम्हाला थांबून बोलावेसे वाटते, कारण ही बातमी ऐकून कुणीतरी लगेच आपल्याला शाकाहाराचे प्रवचन द्यायला येईल. ग्लासगोच्या त्या माणसांच्या ताटात भाजी-फळे नव्हती आणि कारखान्यातून आलेले, टिकाऊ केलेले अन्न भरपूर होते. पाकिटबंद पदार्थांत आणि कोलात फॉस्फेट वरून घातलेले असते आणि ते जवळपास सगळे अंगात मुरते. डाळीतले, धान्यातले पुष्कळसे तसेच बाहेर पडते. आठवड्यातून एकदा मटण किंवा म्हशीचे मटण खाणाऱ्या, बाकीचे दिवस डाळ-भातावर काढणाऱ्या माणसाची प्रथिने आधीच कमी पडतात. त्याने मटण सोडू नये, वेफर्स, नूडल्स आणि कोला सोडावा. सुक्या मच्छीचे मात्र सांगायला हवे. सुकट-बोंबील आमच्याही आवडीचे, पण त्यातले मीठ रक्तदाब चढवते. दोन-तीनदा धुऊन घ्या आणि वरून मीठ घालू नका.

आमची खरी तक्रार कागदाबद्दल आहे. ज्या युनिटमध्ये आम्ही काम केले त्याचे नाव घेत नाही, कारण सगळीकडे कमी-अधिक तेच. रुग्ण दाखल करताना आम्ही फॉर्म भरायचो. वय, वजन, रक्तगट, योजनेचा क्रमांक. व्यवसायाच्या रकान्यात आम्हीच 'लेबर' असे लिहायचो, किंवा रिकामा सोडायचो. कसले लेबर? कुठे? किती वर्षे? उन्हात की सावलीत? कुणी शिकवले नव्हते, आम्हीही विचारले नाही. निदानाच्या जागी 'हायपरटेन्शन' लिहिले जायचे. वास्तविक किडनी बिघडल्यामुळेही रक्तदाब वाढतो, त्यामुळे आधी कोण आणि नंतर कोण हे त्या एका शब्दातून कळत नाही. पण कारणाचा रकाना भरला की प्रश्न संपतो. बंदर नाही, मिठागर नाही, कुलूपबंद संडास नाही, फक्त एका माणसाचा वैयक्तिक रक्तदाब. शेकडो फॉर्म आम्ही या हाताने असे भरले, आणि नोकरी सोडल्यावर आम्हाला सगळ्यांत जास्त टोचले ते हेच.

कागदावरचा एक साधा गुणाकारही माणसांचे किती नुकसान करू शकतो, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. ईजीएफआरच्या जुन्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तर वाढवून धरत. २००९ च्या सूत्रात ही वाढ सुमारे १६ टक्के होती. म्हणजे तितकेच क्रिएटिनिन असूनही काळ्या माणसाची किडनी कागदावर जास्त निरोगी दिसायची आणि प्रत्यारोपणाच्या यादीत त्याचे नाव उशिरा लागायचे. तिथल्या विद्यार्थ्यांनी, डॉक्टरांनी, रुग्णांनी आवाज उठवला, तेव्हा २०२१ मध्ये वंशाचा हा आकडा सूत्रातून काढला गेला आणि ज्यांची वर्षे बुडाली होती त्यांना ती यादीत परत देण्याचा नियम झाला. आपल्याकडे सूत्रात जात नाही. पण क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होते. काडीसारखे हातपाय असलेल्या, अर्धपोटी माणसाचे ते मुळातच कमी असते. त्यामुळे त्याची किडनी बिघडली तरी आकडा नॉर्मलच्या आत बसतो. आमच्या लॅशिंगवाल्या भावाचे ७२ हेसुद्धा कदाचित जास्तच धरलेले असावे. म्हणून नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबू नका, लघवीतले अल्ब्युमिन बघा. सकाळच्या पहिल्या लघवीची ही तपासणी स्वस्त आहे आणि रक्ताच्या आधी बोलते.

लवकर कळले तर करण्यासारखे पुष्कळ आहे. रक्तदाब आटोक्यात ठेवणे, मीठ कमी, वेदनाशामक बंद. डॅपाग्लिफ्लोझिन हे मुळात साखरेचे औषध साखर नसलेल्या किडनीरुग्णांतही उतार मंद करते, हे २०२० मध्ये सिद्ध झाले. त्याचे पेटंट संपल्यापासून ते आपल्याकडे स्वस्तही मिळते. कुणाला द्यायचे ते डॉक्टरांनी ठरवायचे, पण विचारायचे आपण. उशिरा कळले तर आठवड्यातून तीन वेळा, चार-चार तास डायलिसिस. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ते होते, हा मोठाच आधार आहे. पण जाण्यायेण्याचे भाडे आणि आठवड्याचे तीन बुडालेले रोज योजनेत नाहीत.

आणि लवकर कळण्याच्याही आधी येते ते पाणी, सावली, विसावा. निकाराग्वातल्या एका साखर कारखान्यात ऊसतोड्यांना ठरलेल्या वेळी सक्तीची विश्रांती, फिरती सावली आणि पाणी दिले, तेव्हा किडनीच्या इजा कमी झाल्या. यात कुठलेही नवे यंत्र लागले नाही. उन्हातल्या कामात दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, एवढेच प्रमाण सांगितले जाते. (ज्यांना डायलिसिस सुरू आहे त्यांनी हे प्रमाण पाळू नये, त्यांचे पाणी डॉक्टर मोजून देतात.) पण पाणी पिणाऱ्याला जायला संडास आणि जायला वेळ हवा, नाहीतर हा सल्ला म्हणजे थट्टा.

हे मागणे दयेचे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात पिण्याचे पाणी, बायका-पुरुषांना वेगळे संडास, अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे उन्हाळ्यात थंड पाणी, हे सगळे लिहिलेले होते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने सांगितले की ठेकेदाराने या सोयी दिल्या नाहीत तर मूळ मालकाने द्याव्यात. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतही कंत्राटी कामगारांच्या या सोयींची जबाबदारी मूळ मालकावर आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते, तेव्हा कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारे विधेयक त्यांच्याच खात्याने आणले. आज बारा तासांच्या पाळीला आपणच 'जास्त पैसे मिळतात' म्हणून मान डोलावतो. आणि महाड आपल्याच जिल्ह्यात आहे. २० मार्च १९२७ ची आठवण आपण दर वर्षी काढतो, पण इथून तासाभरावर कामाला जाणारी आपली बहीण संडासाच्या कुलपामुळे दिवसभर पाणी पीत नाही, याची चर्चा विहारात होत नाही. संघटनेच्या कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे की पुढच्या निवेदनात पहिली मागणी या कुलपाची लिहा. पगारवाढ दुसरी चालेल.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा केसपेपरवर आपले काम नीट लिहून घ्या. 'लेबर' नको. 'कंटेनर यार्डात माल भरणे-उतरवणे, ११ वर्षे, उन्हात' असे लिहा म्हणून सांगा. डॉक्टर कुरकुरतील, तरी सांगा. उष्ण हवामानातल्या उष्णतेमुळे होणारे आजार हे शब्द १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात होते. पण कागदावर कामच लिहिलेले नसेल तर कुठलाही कायदा काय करणार?

येत्या १४ एप्रिलच्या आठवड्यात आम्ही पुन्हा तपासणी ठेवतो आहोत. मिरवणुकीच्या स्टॉलवर या वर्षी बाटल्यांऐवजी माठाचे पाणी आणि मीठ-साखर-लिंबाचे सरबत ठेवायचे मंडळाच्या मुलांनी कबूल केले आहे. तपासणीला येताना सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत आणा, रात्रपाळी असेल तर सुट्टीच्या दिवशी या. जुने रिपोर्ट आणा, नॉर्मल लिहिलेले असले तरी. आणि अंगदुखीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे फेकू नका, तीही पिशवीत घालून आणा. किती घेतल्या ते तुम्ही विसरला असाल, पाकिटे मोजता येतात.